कवचाची झीज

दिवाळी जवळ आली, की यंदा घराला रंग द्यायचा की नाही यावर घरोघर एक छोटेसे अधिवेशन भरते. ठराव बहुधा स्वयंपाकघरातून येतो, खर्चाची उपसूचना आरामखुर्चीतून येते, आणि दोन्ही बाजू थकल्या म्हणजे रंगारी बोलावला जातो. रंग कशासाठी, असे विचारले तर आपण सारे म्हणू, शोभेसाठी. रंगारी मात्र तसे म्हणणार नाही. खिडकीचे गज पॉलिशपेपरने घासून, धूळ झटकून, तो त्यांना आधी प्रायमरचा एक हात देतो. त्यावर दुसरा, तिसरा हात चढणार. पहिला हात कोणालाच दिसणार नाही. तो शोभेसाठी नसतोच. तो लोखंडाला हवेपासून आणि पाण्यापासून लपवून ठेवण्यासाठी असतो.

या न दिसणाऱ्या पहिल्या हाताविषयी मला आज लिहायचे आहे. तेही खिडकीच्या गजावरच्या नव्हे, तर रणगाड्यावरच्या, विमानावरच्या, युद्धनौकेच्या तळावरच्या. सणाच्या अंकात हा तोफांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजली त्याला अजून महिना झालेला नाही, आणि पुजण्याआधी ती पुसून त्यांना तेलाचा हात दिला होता. तेलाचा तो पुसट थर म्हणजे या साऱ्या शास्त्राचा मूळपुरुष. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात युद्धसामग्रीची स्तुती करणारे एक सूक्त आहे. त्यात धनुष्य, बाण, भाता यांच्या रांगेत कवचालाही मान दिलेला आहे. तेथे कवचाला शब्द आहे वर्म. संस्कृतातले हे वर्म मराठीत आले आणि त्याने कोलांटउडी मारली. वर्मावर बोट ठेवणे म्हणजे नेमके जेथे कवच नाही तेथे बोट ठेवणे. पंडित म्हणतील की हा मर्म आणि वर्म यांतला गोंधळ आहे. असेलही. मला हा गोंधळ मोठा शहाणा वाटतो. माणूस ज्याने स्वतःला झाकतो तेथेच त्याचे दुखरे ठिकाण असते, हे आपल्या भाषेला कोणी शिकवले कोण जाणे.

गंज हा शत्रू निःपक्षपाती आहे. जिंकलेल्या सैन्याच्या तोफा आणि हरलेल्या सैन्याच्या तोफा तो सारख्याच आवडीने खातो, आणि त्याला युद्धाची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेच्या संरक्षणखात्याला गंजापायी सोसावा लागणारा वार्षिक खर्च वीस अब्ज डॉलरांच्या घरात असल्याचे त्या खात्याचेच अंदाज सांगतात. एवढा पैसा जेथे पाण्यात, नव्हे गंजात, जातो, तेथे शास्त्रज्ञ स्वस्थ कसे बसतील? या शतकात त्यांनी एक नवी जात काढली आहे. इंग्रजीत या लेपांना जे विशेषण लावतात त्याला चलाख, हुशार असे प्रतिशब्द देता येतील. मी त्यांना शहाणे लेप म्हणतो, कारण मराठीत शहाणा या शब्दाला थोडा खवचट वासही आहे, आणि तो येथे उपयोगी पडेल.

शहाणा लेप काय करतो? एक प्रकार असा, की रंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या मिसळलेल्या असतात. ओरखडा पडला की त्या वाटेवरच्या कुप्या फुटतात, आतला द्रव ओघळून चिरेत उतरतो आणि तेथेच घट्ट होतो. अंगाला खरचटले की रक्त येऊन खपली धरते, तसेच. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली कृत्रिम राळेच्या एका पदार्थात हा प्रयोग करून दाखवला आणि मग त्या विद्येला पंख फुटले. दुसरा प्रकार सांगणाऱ्या लेपांचा. धातू गंजू लागला की आजूबाजूला कोठे आम्ल तर कोठे अल्क तयार होते. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्काचा थेंब पडताच गुलाबी होणारे ते फिनॉल्फ्थॅलीन आठवते ना? तसला पदार्थ रंगात घातला, तर वरून साजऱ्या दिसणाऱ्या पत्र्याखाली गंज शिरल्याची वर्दी रंगच देतो. मला येथे दुखते आहे, असे आता लोखंड बोलू लागले आहे.

हे वाचून कौतुक वाटते आणि मलाही वाटले. शस्त्रे मुळात असावीत की नसावीत, या वादात मी शिरत नाही. तो वाद माझ्या या लेखाने मिटणार नाही आणि सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला तो ऐकवण्याचा अधिकार घरात बसून लिहिणाऱ्या मला नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. कवच म्हटले की झीज आली. ती झीज कोणी सोसायची?

हा प्रश्न नवा नाही. जुन्या लाकडी युद्धनौकांच्या तळाला समुद्रातला किडा पोखरीत असे, आणि शेवाळ व शिंपल्यांच्या जातीचे जीव चिकटून नौका जड होत असे. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला. किडा थांबला, शेवाळ थांबले. पण पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खिळे विरघळून जाऊ लागले. गंमत अशी, की जेथे तांब्याच्या वेष्टनाचा जाडा कागद चुकून खिळ्याखाली राहून गेला होता तेथले खिळे शाबूत होते. तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले, की त्या दोघांतले एक दुसऱ्यासाठी झिजते, हे त्या चिटोऱ्याने सांगितले. सांगितलेले समजायला मात्र आणखी पन्नासएक वर्षे जावी लागली.

मग आला सर हंफ्रे डेव्ही, खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्याचा जनक. तांब्याचे पत्रेही हळूहळू समुद्रात विरत होते, आणि तांबे महाग. डेव्हीने १८२४ साली सुचवले, की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडा. झीज ते तुकडे सोसतील, तांबे राहील. शास्त्र अगदी बरोबर होते. आपल्या कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या जहाजावरही हे तुकडे बसवण्यात आले. तांबे वाचले. आणि वाचलेल्या त्या चकचकीत तांब्यावर शेवाळ आणि शिंपले असे दाटले, की जहाजांची चाल मंदावली. कारण तांबे जे रक्षण करीत होते ते विरघळून करीत होते. पाण्यात उतरणारा त्याचा विषारी कण हाच पहारेकरी होता. त्याची झीज थांबवली तेव्हा त्याचा पहाराही थांबला. पुढच्याच वर्षी आरमाराने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरून ते तुकडे काढण्याचा हुकूम सोडला. डेव्हीची वर्तमानपत्रांतून यथेच्छ टवाळी झाली.

डेव्हीवर हसणे सोपे आहे. पण त्याची कल्पना पुढे सर्व जगाने स्वीकारली. आज लोखंडी जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात, ते झिजतात, बदलतात. इंग्रजीत त्या ठोकळ्याला जे नाव आहे त्याचा अर्थ बळी दिला जाणारा असाच आहे. रसायनशास्त्रात असा यज्ञीय शब्द क्वचित सापडतो. जस्ताच्या बाबतीत तो निरुपद्रवीही आहे. जस्ताला बायकोमुले नाहीत.

समुद्राला मात्र आहेत. तांब्याच्या पत्र्यांची जागा विषारी रंगांनी घेतली आणि १९६० नंतर त्यांत कथिलाचे एक भयंकर प्रभावी संयुग आले. जहाजांचे तळ कित्येक वर्षे स्वच्छ राहू लागले. १९७० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची पैदास बुडाली, उरलेल्यांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले; इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका जातीच्या गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली आणि त्या वांझ राहू लागल्या. फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांवर या रंगाला बंदी केली; आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. करार चांगला आहे. त्यात एक कलम असे, की तो युद्धनौकांना लागू नाही. त्यांनी वाजवी आणि शक्य असेल तितके त्याला धरून वागावे. कालवाला ही सवलत कोणी समजावून सांगितली असेल असे वाटत नाही.

येथवर आपण धातूंचे आणि जलचरांचे बोललो. आता माणसांकडे येऊ.

शहाण्या लेपांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. ओरखडा आपला आपण बुजवणारा लेप विसाव्या शतकातच होता. फक्त त्याला शहाणा म्हणण्याची कोणाला बुद्धी झाली नाही. तो म्हणजे क्रोमेटचा पिवळट प्रायमर. विमानाच्या ॲल्युमिनियमवर, लष्करी गाड्यांच्या पत्र्यावर तो पहिला हात म्हणून देत. पत्र्याला ओरखडा पडला आणि ओल लागली, की लेपातले क्रोमेट किंचित विरघळून उघड्या पडलेल्या धातूपर्यंत चालत जाते आणि तेथे पातळसा पडदा धरते. इतकी सेवा दुसऱ्या कोणत्याही रंगाने केली नाही. पण विरघळून हवे तेथे पोहोचणे हा त्याचा गुण पत्र्यापुरता थांबत नाही. आपल्या शरीरातल्या पेशींना लागणाऱ्या सल्फेटसारखाच त्याचा बाह्य आकार असतो. पेशी त्याला घरचा समजून आत घेते, आणि आत गेल्यावर तो पेशीच्या बीजालाच धक्का लावतो. मारीच सोन्याचा मृग होऊन आला होता. हा तर रोजच्या जेवणातल्या क्षाराचे रूप घेऊन येतो.

हे आज कळले असेही नाही. स्कॉटलंडमधल्या एका क्रोम कामगाराच्या नाकातील गाठीची हकीगत १८९० साली छापली गेली. जर्मनीने १९३६ साली क्रोमेट कामगारांचा फुप्फुसाचा कर्करोग हा धंद्यातून होणारा रोग म्हणून मान्य केला. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने सहा संयुजेच्या क्रोमियमला निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात बसवले.

या तारखा मनात ठेवून आता नेदरलँड्समध्ये चला. शीतयुद्धाच्या काळात अशी योजना होती, की सोव्हिएत फौजा पश्चिम युरोपात घुसल्याच, तर अमेरिकेहून फक्त सैनिक विमानाने यावेत. त्यांचे रणगाडे, तोफा, मालमोटारी युरोपात आधीच सज्ज उभ्या असाव्यात. त्यासाठी नेदरलँड्समध्ये पाच कोठारे होती: ब्रुन्सुम, कूवोर्डेन, आइगेल्सहोवन, टेर आपेल आणि फ्रीझेनव्हेन. सामग्री अमेरिकेची, देखभाल डच संरक्षणखात्याच्या माणसांची. १९८४ ते २००६ या काळात तेथे कामगारांनी काय केले? उभ्या असलेल्या गाड्यांचा जुना रंग घासून काढला आणि नवा फवारला. लढाई नसली तरी गंज येतो, म्हणून पुन्हा घासला आणि पुन्हा फवारला. घासताना उडणाऱ्या धुळीत क्रोमेट होते.

ज्या युद्धासाठी हे सारे उभे होते ते युद्ध झाले नाही. बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ मोडला. आणि या कोठारांतली माणसे आजारी पडू लागली. कोणाला दमा, कोणाला त्वचेचा विकार, कोणाला फुप्फुसाचा कर्करोग. तक्रारी झाल्या, वर्षे गेली. अखेर डच राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने चौकशी करून २०१८ साली अहवाल दिला, की संरक्षणखाते आपल्या माणसांची काळजी घेण्याच्या कर्तव्यात कमी पडले. सरकारने माफी मागितली, भरपाई ठरवली. एखाद्या सरकारने असे उघडपणे मान्य करणे हीही लहान गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल डचांना श्रेय दिले पाहिजे. तपासलेच नाही तर सापडतही नाही, अशी कोठारे जगात आणखी किती असतील याचा मी अंदाज करीत बसत नाही.

मला या हकीगतीत एकच चित्र दिसत राहते. रणगाडा कोठारात स्वस्थ उभा आहे. शत्रू शेकडो कोस दूर आहे आणि तो येणारही नाही. तरी रणगाड्याभोवती माणसे पडत आहेत, आणि त्यांना पाडतो आहे तो रणगाड्याचे रक्षण करणारा लेप.

यावर एक उत्तर तयारच असते: देशासाठी कोणाला तरी झिजावे लागतेच. सैनिक प्राण देतो, तेथे रंगाऱ्याने थोडी धूळ सोसली तर काय बिघडले? हे उत्तर मी उडवून लावणार नाही. गंजलेल्या कळेमुळे ऐन वेळी तोफ अडकली तर मरतो तो जवानच. आणि तोही कोणाचा तरी मुलगा असतो. पहिल्या हातात कसर करणारा माणूस देशभक्त नव्हे. पण झीज आणि झीज यांत फरक आहे, आणि तो आपल्या आजीला ठाऊक होता. तिने सांगितलेली दधीचीची गोष्ट आठवा. वृत्राला मारण्यासाठी देवांना वज्र हवे होते आणि वज्रासाठी ऋषीची हाडे हवी होती. म्हणजे शस्त्रासाठी माणूस खर्ची घालण्याचाच तो प्रसंग. देवांजवळ बळ होते, गरज खरी होती, वेळ थोडा होता. तरी कथा सांगणाऱ्याने देवांना काय करायला लावले? दधीचीच्या आश्रमात जाऊन हात जोडून मागायला लावले. इंद्राला कर्णाची कवचकुंडले हवी होती तेव्हा तो ब्राह्मणाचा वेष घेऊन आला, ते कपट खरे. पण मागितल्यावाचून नेता येईना, आणि कर्णाला तर सूर्याने आधीच सावध केले होते. काय देतो आहोत हे कर्णाला ठाऊक होते. आपल्या पुराणांत पुष्कळ क्रौर्य आहे, परंतु न सांगता झिजवलेल्या माणसाच्या झिजेला त्यांनी दान म्हटल्याचे मला आठवत नाही.

कोणी म्हणेल, रंगाऱ्याला पगार मिळत होता. मिळत होता; रंगवण्याचा. फुप्फुसाचा भाव त्या पगारात धरलेला नव्हता, कारण असा काही सौदा चालला आहे हे दोहोंपैकी एकाच बाजूला माहीत असण्याजोगे होते. सैनिक शपथ घेतो तेव्हा मरण त्या शपथेत उघड लिहिलेले असते. रंगाऱ्याच्या नेमणुकीच्या कागदावर तसे काही नसते. युरोपातील रसायनांच्या कायद्यातही सदस्य देशांना संरक्षणाच्या हितासाठी काही वेळा सूट देता येते. सूट लष्कराच्या हिताला मिळते; पिशवीत डबा घेऊन पाळीवर जाणाऱ्या माणसाला ती आपल्या वाट्याला आली हे बहुधा कळतही नाही.

पर्याय निघत आहेत, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या संरक्षणखात्याने २००९ साली सहा संयुजेच्या क्रोमियमचा वापर शक्य तेथे टाळण्याचे धोरण जाहीर केले. तीन संयुजेचे क्रोमियम, मॅग्नेशियमची भुकटी असे निरनिराळे उपाय पुढे आले. लिथियमच्या क्षारांवर तर नेदरलँड्समध्येच चांगले काम झाले. आपल्याकडे अंबरनाथला संरक्षण संशोधन संघटनेची नौदलासाठी पदार्थविज्ञानाचे काम करणारी प्रयोगशाळा आहे. जहाजांचे गंजरोधक आणि शेवाळरोधक लेप हा तिच्या कामाचाच भाग आहे. मुंबईच्या गोदीत लोखंडावर शेंदराचा पहिला हात देण्याचा काळ होता, आणि तो शेंदूर म्हणजे मारुतीला लावतात त्याच जातीचा, शिशाचा. मारुती वज्रदेही आहे, त्याला काही झाले नाही. शेंदूर खरवडणाऱ्या माणसांच्या हाडांत शिसे साठे. तो शेंदूर मागे पडला हे बरेच झाले.

परंतु नवा लेप निघाला की त्याची परीक्षा कशी होते ते पाहा. पट्टी खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात किती तास टिकली, ओरखडा किती वेळात बुजला, रंग केव्हा पालटला. ही सारी लोखंडाची परीक्षा. लोखंडाला आपण त्वचा दिली, खपली दिली, आणि आता दुखते आहे असे सांगणारी वाचाही दिली. त्याच कोठारात माणसे खोकत होती, आणि त्यांच्या खोकल्याचा अर्थ लागायला वर्षानुवर्षे लागली. ऐकायचेच असते तर साधन नव्हते असे नाही. कामगाराच्या लघवीत क्रोमियम मोजता येते. आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर एक नमुना घ्यायचा, एवढेच. अणुभट्टीत काम करणारा माणूस छातीवर बिल्ला लावतो आणि त्याच्या अंगावर किती किरण पडले याचा हिशेब राहतो, तितकीच सरळ गोष्ट.

त्या पाच कोठारांपैकी आइगेल्सहोवनचे कोठार २०१६च्या डिसेंबरात अमेरिकन सैन्याने पुन्हा उघडले. युरोपात वारे फिरले आहेत. त्याला इलाज नाही, असे त्या देशांना वाटते आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही कदाचित तसेच वाटले असते. रणगाडे परत तेथे आले. बंद जागेत उभे असले तरी त्यांना रंग लागतो आणि रंगाला काल येतो. तेथे कधी गेलोच, तर रणगाड्याच्या तोफेचा पल्ला किती हे मी विचारणार नाही. त्याच्यावर नवा हात चढवण्याआधी जुना कोणी खरवडला, कोणत्या खोलीत, आणि त्या वेळी त्याच्या नाकातोंडावर काय बांधलेले होते, एवढे विचारीन.